काळ्या रानातली ओल : मराठवाड्याची हिवाळ्याची तयारी

1/
थंड प्रदेशांच्या इतिहासात हिवाळ्याची तयारी म्हणजे टंचाईची तयारी. उत्तर युरोपातील शेतकरी नोव्हेंबरात सरपण रचून ठेवत, कंदमुळे तळघरात साठवत आणि चारा पुरणार नाही म्हणून काही जनावरे मारून त्यांचे मांस खारवत. जुन्या इंग्रजीत या महिन्याला नावच मुळी बळी देण्याच्या प्रथेवरून पडले होते. नांदेड-लातूरच्या काळ्या रानात मात्र हिवाळा हा उभ्या पिकाचा ऋतू. इथली तयारी थंडीपासून बचाव करण्याची नसून, परत निघालेल्या पावसाला जमिनीत थांबवून ठेवण्याची आहे. त्या तयारीचा हा इतिहास. धागा.

2/
आधी मातीविषयी. मराठवाड्याची काळी, भारी जमीन दख्खनच्या लाव्हापासून तयार झालेल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. खोल काळ्या जमिनीचा एक मीटर थर साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकतो. पावसाळा संपल्यावर जवळपास एक थेंबही न पडता शाळू, हरभरा, करडई, जवस ही पिके याच साठ्यावर चार महिने उभी राहतात. शेतकऱ्याच्या भाषेत या साठ्याचे नाव ‘ओल’. रब्बीचा सारा इतिहास या दोन अक्षरांभोवती फिरतो.

3/
ही रीत किती जुनी? मराठवाड्याच्या पश्चिमेस, पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने दीर्घकाळ उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे 1600 ते 700 या काळातील त्या वसाहतीत जव हे प्रमुख धान्य होते. जव हे थंडीत येणारे पीक. पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाट, धान्यासाठी चुन्याने लिंपलेले खड्डे आणि कणग्यांच्या बैठका हेही तिथे सापडले. म्हणजे पावसाचे पाणी पुढच्या ऋतूसाठी आणि पुढच्या ऋतूचे धान्य त्यापुढच्या ऋतूसाठी राखण्याची विद्या दख्खनेत किमान तीन हजार वर्षांची आहे.

4/
या तयारीचे पंचांग नक्षत्रांचे. पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. सप्टेंबरच्या मध्यास उत्तरा लागते, महिन्याच्या अखेरीस हस्त, ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आसपास चित्रा. रब्बी ज्वारीच्या पेरणीची उत्तम वेळ सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. लवकर पेरले तर खोडमाशी आणि तणाचा त्रास, उशीर झाला तर वरची ओल उडालेली. हस्ताच्या, म्हणजे लोकभाषेत ‘हत्तीच्या’, पावसाकडे इथला शेतकरी डोळे लावून बसतो तो यासाठीच. वर्षभराच्या भाकरीचा निर्णय चार-पाच आठवड्यांत होतो.

5/
पेरणी मात्र या तयारीचा शेवट. आरंभ पावसाळ्यातच होतो. जुन्या पद्धतीत भारी जमीन खरिपात पडीत ठेवीत. पाऊस उघडला की वखराची पाळी, पुन्हा पाऊस, पुन्हा पाळी. वखराची लोखंडी पास तण कापते आणि वरची माती भुसभुशीत करते. त्यामुळे पुढचे पाणी वाहून न जाता मुरते आणि मुरलेले पाणी सहजी उडत नाही. दुसरा मार्ग मूग-उडदाचा. ही पिके भाद्रपदात निघतात आणि त्यांच्या बिवडावर शाळू चांगला येतो. वरवर रिकामे दिसणारे ते रान प्रत्यक्षात भरत असे.

6/
याच दिवसांत सुतार-लोहारांच्या दारी गर्दी होई. तिफणीचे दाते, फण, नळे आणि चाडे नीट करणे, वखराची पास शेवटणे ही कामे बलुत्यात मोडत. मोबदला रोख नसे. तो सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. चाड्यावर मूठ धरण्याचे काम अनेक ठिकाणी स्त्रियांकडे असे. तीन नळ्यांत बी सारखे पडावे, ओळीत खंड पडू नये, यासाठी त्या मुठीला वर्षांचा सराव लागे. जमिनीचा उतारा पुरुषाच्या नावावर असला, तरी पेरणीचे मोजमाप बहुधा बाईच्या हातात होते.

7/
बियाणे उगवेल की नाही, याची परीक्षा कशी होई? आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना होते. शेतातील माती आणून तिच्यात धान्य पेरतात आणि नऊ दिवस त्याला पाणी देतात. तुळजापूरची भवानी आणि नांदेड जिल्ह्यातील माहूरची रेणुका या दोन शक्तिपीठांमुळे मराठवाड्यात नवरात्राचे महत्त्व मोठे. रब्बीच्या तोंडावर येणाऱ्या या विधीत बियाण्याची उगवण तपासण्याचा भाग असावा, असे मत अनेकदा मांडले जाते. दसऱ्याला हेच अंकुर फेट्यात-टोपीत खोवतात. विधीचा उगम काहीही असो, त्याची वेळ शेताच्या घड्याळाशी तंतोतंत जुळते.

8/
शेतासोबत घरही सज्ज होई. मागच्या वर्षीचे धान्य संपत आलेले, खरिपाचे दारात येणारे. पेव उघडून, वाळवून, तळाशी आणि कडेने कडबा लावून पुन्हा सिद्ध करीत. पेव म्हणजे उंच, कोरड्या जागी खणलेले भूमिगत कोठार. त्यात विषारी हवा साठते, म्हणून माणूस उतरण्याआधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर कोणी खाली उतरत नसे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण आज कशासाठीही वापरतो. त्याच्या मुळाशी हे कोठार आहे. घरात बळद आणि शेणाने सारवलेली कणगी, धान्यात कडुनिंबाचा पाला आणि राख.

9/
विहिरीवरच्या मळ्याचे वेळापत्रक निराळे. मोटेच्या पाण्यावर लसूण, कांदा, मेथी, वांगी, वाल, थोडा गहू. मोट ओढणारी बैलजोडी, चामड्याची मोट शिवणारा कारागीर आणि पाण्याचे दारे धरणारा माणूस असे तिघांचे श्रम त्या हिरव्या तुकड्यामागे असत. मळा थोड्यांकडेच असे. बहुतेकांचा हिवाळा कोरडवाहूच. त्यांच्या ज्वारीच्या कडेने करडईचे तास घालीत. करडई तेल देई आणि तिचे काटे मोकाट जनावरांना आत येऊ देत नसत. कुंपण आणि पीक एकच.

10/
आता राज्यसत्तेकडे वळू. निजामाच्या हैदराबाद संस्थानात कारभारासाठी फसली सन चाले. ‘फसल’ म्हणजे पीक. ही गणना मोगल काळातील; दख्खनेत ती शहाजहानच्या कारकिर्दीत आली. संस्थानातील फसली वर्षाचा पहिला महिना आजूर आणि त्याची पहिली तारीख 6 ऑक्टोबरला येई. 1354 फसली सुरू झाले ते 6 ऑक्टोबर 1944 रोजी. हस्त सरता सरता, तिफण रानात असताना सरकारचे नवे वर्ष उघडे. महसूल पिकावर उभा असलेल्या राज्याचे घड्याळही शेतावरच लावलेले होते.

11/
पहिल्या सालारजंगाने 1865 मध्ये जिल्हाबंदी केली. पुढे मराठवाड्यात शेजारच्या मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतवारी पद्धतीने रोख सारा ठरला. धान्याचा वाटा घेणारे सरकार वाईट वर्षी आपोआप कमी घेते; रोख सारा मात्र ओलीकडे पाहत नाही. हस्त कोरडा गेला तरी आकडा तोच. सूट मिळाली तरी ती अर्ज-विनंतीनंतर. मधली पोकळी सावकाराने भरली. पेरणीसाठी काढलेले बी-बियाणे सुगीला दीडपट-सव्वापटीने फेडण्याची रीत दख्खनभर होती. ओल हुकली की पीक जाई आणि कर्ज तेवढे उरे.

12/
मग रेल्वे आली. मनमाड-हैदराबाद गोदावरी खोरे रेल्वे 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि नांदेड बाजाराशी जोडले गेले. बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरला पोहोचली आणि लातूरची पेठ वाढत गेली. कापूस, जवस, करडई दूरच्या बाजारांत जाऊ लागले. पेवात राहणारे धान्य विकून रोख करता येऊ लागले आणि साराही रोखच द्यायचा होता. 1899-1900 च्या दुष्काळाने मराठवाड्याला जबर फटका दिला, तो नेमका या संक्रमणाच्या उंबरठ्यावर.

13/
हिवाळ्याचे भरलेले रान फौजांनाही दिसत असे. पाऊस संपला, वाटा वाळल्या, नद्यांना उतार मिळाला की मोहिमा निघत. दसऱ्याचे सीमोल्लंघन या व्यवहाराशी जोडलेले आहे. 1708 मध्ये कामबक्षाविरुद्ध दक्षिणेत निघालेल्या बहादूरशहाचा तळ नांदेड परिसरात होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांचे निधन झाले. सदाशिवरावभाऊंनी निजामाविरुद्ध उदगीरची लढाई जिंकली ती फेब्रुवारी 1760 मध्ये. त्या दिवसांत शाळू काढणीला आलेला असतो. हजारो घोड्या-बैलांच्या वैरणीची गरज अशा वेळी कोणाच्या रानातून भागत असेल, हे सांगायला बखरीची गरज नाही.

14/
विसाव्या शतकात ओल हा शास्त्राचा विषय झाला. परभणीला निजाम सरकारचे प्रायोगिक शेत 1918 मध्ये सुरू झाले. 1930 च्या दशकात सोलापूर, विजापूर आणि संस्थानातील रायचूर येथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे निघाली. त्यांच्या शिफारशी अशा : समपातळीचे बांध, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, पावसाळ्यात वखराच्या पाळ्या, दोन ओळींत जास्त अंतर, कमी बियाणे आणि पेरणीनंतर पुन्हा पुन्हा कोळपणी. कोळप्याने भेगा बुजतात आणि वरचा मातीचा थर आच्छादनाचे काम करतो. यातील बरेच शेतकऱ्याला ठाऊक होते; शास्त्राने त्याला माप दिले.

15/
बियाण्याचेही तसेच. मंगळवेढा-सोलापूरकडची मालदांडी ज्वारी आधीपासून नावाजलेली. मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेले एम 35-1 हे वाण पुढे दशकानुदशके रब्बी ज्वारीचे प्रमाण मानले गेले. भाकरी गोड, दाणा मोत्यासारखा आणि कडबा उंच, गोड. शेवटचा गुण महत्त्वाचा. कारण मराठवाड्यात हिवाळ्याचे पीक दोन तोंडांसाठी पेरले जाई, एक माणसाचे आणि एक बैलाचे. उन्हाळ्यातील गंजी हीच पुढच्या वर्षीच्या वखरपाळीची ताकद.

16/
आता 1948. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून संस्थानात धान्याची सक्तीची लेव्ही होती आणि तिला विरोध हा मुक्तिलढ्याचा एक भाग बनला होता. 1947-48 मध्ये रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेकांनी गाव सोडून सरहद्दीपलीकडे आसरा घेतला. भारतीय सैन्य 13 सप्टेंबरला शिरले आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली. नक्षत्र उत्तरा. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद आणि बिदर या जिल्ह्यांत विभागलेला होता. परतणाऱ्या कुटुंबांसाठी स्वातंत्र्याचे पहिले काम रब्बीच्या घातीला रानात पोहोचण्याचे होते.

17/
त्याच आठवड्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शरणागतीनंतर मुस्लिम वस्त्यांवर सूडाची लाट आली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे त्यांच्या अहवालात आहे. संपूर्ण संस्थानातील मृतांचा त्यांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. लातूर शहराची हानी त्यात स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे. अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. त्या वर्षी तिफणी चालल्या. पण त्या चालवणाऱ्या गावांतून काही घरे कायमची नाहीशी झाली होती.

18/
1972. या वर्षी मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. खरीप गेले, तेव्हा शेतकऱ्याची आशा हस्तावर होती. तोही कोरडा गेला. खरीप बुडणे हा तोटा असतो. रब्बीची ओल न मिळणे हा दुष्काळ असतो. परदेशी लाल मिलो, सुकडी, खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे ही त्या पिढीच्या आठवणीतील चित्रे. या अनुभवातूनच रोजगार हमीचा विस्तार झाला. 1977 मध्ये कायदा संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. कामाच्या हक्काचा हा कायदा न भरलेल्या रानातून उगवला.

19/
30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटे. नक्षत्र हस्त. गणेश विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरील गावे झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही सेकंदांत कोसळली. हजारो माणसे दगावली. मारक ठरली ती जाड दगडी भिंतींची माळवदाची घरे. माळवदावर वर्षानुवर्षे नवी माती टाकत गेल्याने छताचे ओझे वाढत जाई. ऊन, थंडी आणि पाऊस यांच्यासाठी केलेली पिढ्यान्‌पिढ्यांची तयारी भूकंपापुढे उलटली.

20/
पुनर्वसनात 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, आखीव प्लॉट, भूकंपरोधक घरे. पण जुन्या गावात घर, गोठा, कडब्याची गंजी, बळद आणि शेताची वाट एकमेकांना धरून असत. नव्या घरांत बैल कुठे बांधावा, धान्य कुठे ठेवावे, हे प्रश्न पुढे आले आणि अनेकांचे रान दूर पडले. निवाऱ्याचा प्रश्न सुटला. शेतकऱ्याच्या घरात हिवाळा साठवण्याच्या जागेचा प्रश्न मात्र आराखड्यात नीट मांडलाच गेला नव्हता.

21/
याच महिन्यांत एक दुसरी तयारीही चालते. कंधार, लोहा, मुखेड, जळकोट या डोंगराळ पट्ट्यांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, कोयता, भांडी, पांघरुणे, लहान मूल. जमीन हलकी, ओल धरत नाही. म्हणून हिवाळा दुसऱ्याच्या फडात. भूमिहीनांचा आणि हलक्या जमिनीवाल्यांचा हिवाळा असा पूर्वीपासून वेगळाच होता. रब्बीच्या समृद्धीविषयी लिहिताना खोल काळ्या मातीचा मालक कोण होता, हा प्रश्न सोडून चालत नाही.

22/
गेल्या तीन दशकांत ही व्यवस्था बदलली. सोयाबीन आले. खरिपात पडीत राहणारे रान आता जूनमध्येच पेरले जाते, ऑक्टोबरात सोयाबीन निघते आणि लगेच हरभरा पडतो. लातूरची बाजार समिती सोयाबीन आणि तुरीसाठी देशभर ओळखली जाते. पैसा हाती लवकर येतो, हे खरे. ज्वारीची काढणी कष्टाची, मजुरी महाग, पाखरांची राखण कोणी करेना. शाळू आटला, तसा कडबा आटला. कडबा आटला, तसे बैल गेले. बैल गेले आणि वखराच्या पाळ्याही गेल्या. एक पीक बदलल्याने अख्खी साखळी निसटते, याचे हे जिवंत उदाहरण.

23/
ही साखळी अजून कुठे दिसते? येळवशीला. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि कर्नाटक सीमेवरची गावे ओस पडतात, कारण सारे शेतात असतात. कडब्याची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडव, डोक्यावरून आणलेले आंबिलाचे बिंदगे, हिवाळी भाज्या आणि ओल्या शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. पूजेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या हाकेत कन्नडचा सूर ऐकू येतो. सीमा आखण्याच्या आधीचा हा सण आहे. जो वाटसरू भेटेल त्याला जेवायला थांबवतात.

24/
येळवस सुगीच्या आधी येते, हे ध्यानात घ्यावे. दाणा अजून हुरड्यातही नीट भरलेला नसतो. ज्या रानाने परतीचा पाऊस जपून ठेवला, त्या रानाचे हे ऋण पीक हाती येण्यापूर्वीच मानले जाते. पेव बुजली, तिफणी परसात पडून आहेत, फसली सन दप्तरांत गेला. पण कडब्याची कोप उभारायला कडबा लागतो, कडब्याला शाळू लागतो आणि शाळूला ओल. अलीकडे काही गावांत कोपीसाठी कडबा विकत आणावा लागतो. मराठवाड्याच्या हिवाळ्याचा इतिहास कुठवर आला आहे, हे त्या विकतच्या पेंढीवरून कळते.

धागा समाप्त. आपल्या गावी पेव, बळद किंवा जुनी तिफण अजून असेल, तर तिचे छायाचित्र आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून तिची माहिती जरूर नोंदवून ठेवावी. हा इतिहास दप्तरांत कमी आणि परसात जास्त आहे.